फिशिंग मेल: ओळखायचा कसा, टाळायचा कसा आणि फसलोच तर काय करायचं

ईमेलवरच्या फसवणुकीबद्दल विचारलं की बहुतेक जण एकच सल्ला देतात: शुद्धलेखनाच्या चुका आणि मोडकीतोडकी भाषा दिसली की मेल खोटा समजा. एकेकाळी हे ठीक होतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हाताशी घेऊन कुणीही, हव्या त्या भाषेत, खऱ्या अधिकाऱ्यापेक्षा सफाईदार पत्र लिहू शकतो. लोगोही हुबेहूब असतो, कारण तो खऱ्या वेबसाइटवरूनच उचललेला असतो. रंग, तळाचा कायदेशीर मजकूर, कंपनीचा पत्ता, सगळं जसंच्या तसं. तेव्हा दिसण्यावरून खरंखोटं ठरवायचा हट्ट धरला, तर आज ना उद्या आपण फसणारच.

म्हणून या लेखाचा भर दोन सवयींवर आहे. पहिली, मेल आपल्याकडून काय करून घेऊ पाहतोय ते बघायचं. दुसरी, मेल खरा वाटला तरी त्याने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही, आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या वाटेने जायचं. नवख्या माणसाला मी आधी दुसरी सवय लावायला सांगेन. ती अंगवळणी पडली की मेल ओळखण्यात चूक झाली तरी बहुतेक वेळा नुकसान होत नाही.

आधी थोडं समजून घेऊ

ओळखीच्या किंवा विश्वासाच्या नावाने मेल पाठवून पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा थेट पैसे काढून घेणं म्हणजे फिशिंग. यात कुणाला आपला संगणक फोडावा लागत नाही. हवी ती माहिती आपणच आपल्या हाताने भरून देतो. एसएमएस आणि फोनवरूनही हाच प्रकार चालतो, पण इथे मुख्यतः ईमेलबद्दल बोलू.

‘असल्या मेलला मी बळी पडणार नाही’ असं वाटत असेल, तर हे वाचा. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या इव्हाल्दास रिमासाउस्कास नावाच्या माणसाने गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांना मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रकमेला गंडवलं. क्वांटा कॉम्प्युटर ही तैवानची कंपनी या दोघींना खरोखरच माल पुरवत होती. त्याने त्याच नावाची कंपनी दुसऱ्या देशात काढली, त्या नावाने बनावट बिलं आणि मेल पाठवले, आणि पैसे त्याने सांगितलेल्या खात्यांत जमा होत गेले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या गूगलची मेलसेवा जगभरातले कोट्यवधी लोक वापरतात, तिच्याकडेही हे घडलं. तेव्हा फसणारा माणूस अडाणी किंवा हावरट असतो हा समज मनातून काढून टाका. तो घाईत असतो, थकलेला असतो, किंवा नेमका त्याच दिवशी तसल्या एखाद्या मेलची वाट बघत असतो.

पायरी १: मेलची मागणी एका वाक्यात सांगा

मेल वाचून झाला की हात थांबवा आणि मनातल्या मनात हे वाक्य पुरं करा: ‘हा मेल मला अमुक करायला सांगतोय.’ नुसती माहिती देणारा मेल बहुधा निरुपद्रवी असतो. फसवणुकीच्या मेलला मात्र आपल्याकडून काही ना काही करून घ्यावंच लागतं. त्या मागण्या फार नाहीत:

- लिंक उघडून लॉगिन करा
- सोबतची फाइल उघडा
- या नंबरवर फोन करा
- क्यूआर कोड स्कॅन करा
- पैसे पाठवा, किंवा यापुढे या नव्या खात्यात पाठवा
- या अ‍ॅपला तुमच्या खात्यात येण्याची परवानगी द्या

यातली एकही मागणी दिसली तर पुढच्या पायऱ्या करायच्या. मेल कुणाकडूनही आलेला असो, अगदी रोज शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याकडून आलेला असो.

फोन नंबरचा प्रकार नव्या लोकांना फारसा ठाऊक नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ‘तुमच्या अँटिव्हायरसचं वार्षिक नूतनीकरण झालं, रक्कम खात्यातून वजा होईल, रद्द करायचं असल्यास या नंबरवर संपर्क साधा’ असा मेल येतो. त्यात लिंक नसते, फाइल नसते, त्यामुळे स्पॅम फिल्टरला पकडायला काही सापडत नाही. आपण घाबरून फोन करतो. पलीकडचा माणूस अतिशय नम्र असतो. ‘पैसे परत करायला तुमची स्क्रीन बघावी लागेल’ म्हणून तो एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतो आणि आपला संगणक दुरून त्याच्या हाती जातो. कधी तर हा मेल बिलं पाठवणाऱ्या खऱ्या सेवेच्याच सर्व्हरवरून येतो. फसवणारा तिथे खातं उघडून तुमच्या नावाने बिल बनवतो आणि ‘टिप्पणी’च्या रकान्यात स्वतःचा फोन नंबर टाकतो. पाठवणाऱ्याचा पत्ता शंभर टक्के खरा, तरी मेल फसवाच. मागणी बघा असं मी आधी म्हटलं ते यासाठीच.

मागणीबरोबर येणारा दबावही ओळखता आला पाहिजे. भीती (‘खातं बंद होईल’), लोभ (‘परतावा मंजूर झाला’), अधिकार (‘मी साहेब बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका’), उत्सुकता (‘हे फोटो तुमचेच आहेत का?’), आणि या सगळ्यांना जोडून घाई. मुदत दिलेली असते, कारण विचार करायला वेळ मिळाला की माणूस सावरतो. मला विचाराल तर ‘कुणाला सांगू नका’ हे सर्वांत वाईट लक्षण. प्रामाणिक संस्थेला तुम्ही घरच्यांना किंवा सहकाऱ्याला विचारून खात्री करून घेतलीत तर काहीच हरकत नसते.

पायरी २: नावावर थांबू नका, पूर्ण पत्ता बघा

ईमेलची मूळ पद्धत, एसएमटीपी, १९८२ साली ठरली. तेव्हा हे जाळं मुख्यतः विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कर यांच्यापुरतं होतं, त्यामुळे पाठवणारा खरंच तोच आहे का हे तपासायची सोयच त्यात ठेवली नव्हती. पोस्टाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं मेलचं होतं. ही उणीव भरून काढायला पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क असे तीन उपाय आले. अमुक डोमेनच्या (म्हणजे पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतर येणाऱ्या नावाच्या) वतीने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे हे पहिला सांगतो. मेलवर डिजिटल सही आहे का आणि वाटेत मजकूर बदलला का हे दुसरा तपासतो. आणि दिसणाऱ्या पत्त्याशी हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हे तिसरा ठरवतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले.

याने हुबेहूब पत्ता चोरणं अवघड झालं. पण फसवणारा स्वतःच मिळताजुळता डोमेन विकत घेतो आणि त्यावर हे तिन्ही उपाय रीतसर बसवतो. मग तपासणीत त्याचा मेलही पास होतो. म्हणून पत्ता आपल्या डोळ्यांनी वाचायला हवा.

मोबाइलवर मेल उघडला की बहुतेक वेळा फक्त नाव दिसतं. त्या नावावर टिचकी मारा म्हणजे पूर्ण पत्ता दिसेल. नावाच्या जागी काहीही लिहिता येतं, ‘ग्राहक सेवा’ म्हणा की तुमच्या साहेबांचं नाव म्हणा. महत्त्व आहे ते ‘अ‍ॅट’च्या चिन्हानंतर येणाऱ्या भागाला. तो सावकाश, एकेक अक्षर करत वाचा. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं चिकटून आली की ‘एम’सारखी दिसतात. छोट्या ‘एल’च्या जागी एकचा आकडा आणि ‘ओ’च्या जागी शून्य हे तर जुनेच डाव. नावाला ‘-सुरक्षा’, ‘-सपोर्ट’ असं शेपूट जोडलेलं असेल तर तो डोमेन साफ वेगळा असतो.

आणखी एक जागा बघायची: उत्तर कुणाला जातंय. ‘रिप्लाय’ दाबलं की वरच्या रकान्यात येणारा पत्ता मूळ पत्त्यापेक्षा वेगळा असेल आणि त्याला काही सयुक्तिक कारण दिसत नसेल, तर तिथेच थांबा. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी जीमेलमध्ये संगणकावर मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजिनल’ निवडावं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ की ‘फेल’ ते तिथे लिहिलेलं असतं. ‘फेल’ असेल तर मोठा संशय घ्यावा. ‘पास’ असेल तर मेल त्या डोमेनवरून आला एवढंच कळतं, डोमेनचा मालक सज्जन आहे हे कळत नाही.

पत्ता अगदी बरोबर असला तरी मित्राचं किंवा पुरवठादाराचं खातंच कुणाच्या ताब्यात गेलेलं असू शकतं. अशा वेळी मेल जुन्या संभाषणाला जोडून, तुमच्याच आधीच्या बोलण्याच्या संदर्भाने येतो.

पायरी ३: लिंक वाचायला शिका

लिंकवर दिसणारे शब्द आणि ती प्रत्यक्षात नेते ते ठिकाण, या दोन वेगळ्या गोष्टी. संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता नेऊन ठेवा, क्लिक करू नका. खरा पत्ता खालच्या कोपऱ्यात किंवा तिथेच बाजूला दिसेल. मोबाइलवर लिंक दाबून धरा. बोट चुकून लगेच सुटलं की पान उघडतं, म्हणून नवख्यांनी ही तपासणी शक्यतो संगणकावरच करावी.

पत्ता वाचायची रीत अशी. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या. तो उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. (काही देशांत शेवटच दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ ‘को.यूके’. तिथे तीन तुकडे धरायचे.) इथे कळण्यासाठी देवनागरीत लिहितो:

लॉगिन.माझीबँक.कॉम/खाते – मालक ‘माझीबँक.कॉम’. बरोबर.

माझीबँक.कॉम.खातेतपासणी.नेट/लॉगिन – मालक ‘खातेतपासणी.नेट’. खोटी.

खातेतपासणी.नेट/माझीबँक.कॉम – मालक पुन्हा ‘खातेतपासणी.नेट’. तिरप्या रेघेनंतर काहीही लिहिता येतं.

माझीबँक.कॉम@खातेतपासणी.नेट – मध्ये ‘अ‍ॅट’चं चिन्ह आलं की त्याच्या आधीचा भाग ब्राउझर ठिकाण म्हणून धरतच नाही. हीही खोटी.

मोबाइलच्या अरुंद पट्टीत लांब पत्त्याची बऱ्याचदा फक्त सुरुवात दिसते, आणि दुसऱ्या उदाहरणातला डाव नेमका त्यावरच टिकून आहे.

कधीकधी अक्षरंच वेगळ्या लिपीतली असतात. सिरिलिक, म्हणजे रशियन भाषा लिहायच्या लिपीतली काही अक्षरं रोमन अक्षरांसारखीच दिसतात. २०१७ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने सगळी अक्षरं सिरिलिक वापरून अ‍ॅपलच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवला आणि तेव्हाच्या क्रोम व फायरफॉक्समध्ये तो खऱ्यासारखाच दिसतो हे दाखवून दिलं. क्रोमने त्यानंतर ही पळवाट बुजवली, पण नुसती नजर इथे पुरत नाही हे त्यातून कळलं.

कुलपाच्या खुणेबद्दलही गैरसमज आहे. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या वेबसाइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, इतकंच. ती वेबसाइट चोराची असली तरी कुलूप दिसतंच, कारण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोक त्याचा अर्थ ‘सुरक्षित वेबसाइट’ असा घेतात म्हणूनच गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चित्र काढून टाकलं.

लहान केलेल्या लिंका आणि क्यूआर कोड यांत ठिकाण झाकलेलं असतं. मेलमध्ये क्यूआर कोड यायला तसं कारणच नसतं. जो माणूस मेल वाचतोय तो लिंक उघडूच शकतो. कोड दिला जातो तो फिल्टरच्या नजरेतून सुटायला आणि तुम्हाला ऑफिसच्या संरक्षित संगणकावरून स्वतःच्या फोनवर न्यायला.

मार्च २०१६ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना असाच एक मेल आला. कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरून लॉगिन करायचा प्रयत्न केला, पासवर्ड ताबडतोब बदला, आणि खाली लहान केलेली लिंक. त्यांच्या कार्यालयाने संगणक विभागाला विचारलं, म्हणजे करायला हवं तेच केलं. उत्तर आलं की मेल खरा आहे, पासवर्ड बदलून घ्या. ‘खोटा आहे’ असं लिहायचं होतं, असं त्या कर्मचाऱ्याने नंतर सांगितलं. पण त्याच उत्तरात त्याने गूगलची खरी लिंकही दिली होती. त्या लिंकवर जाऊन पासवर्ड बदलला असता तर मेल खरा असो वा खोटा, काही बिघडलं नसतं. प्रत्यक्षात फसव्या मेलमधलीच लिंक वापरली गेली आणि हजारो मेल बाहेर फुटले.

एक मेल जवळून बघू

हा नमुना मी रचलेला आहे, पण यातली एकेक युक्ती रोज वापरली जाते.

*प्रेषक: खाते सुरक्षा विभाग (सूचना@माझीबँक-सुरक्षा.नेट)*
*विषय: आपल्या खात्यात नवीन उपकरणावरून प्रवेश*
*प्रिय ग्राहक, काल रात्री ११:४२ वाजता आपल्या खात्यात अनोळखी उपकरणावरून प्रवेश करण्यात आला. हा प्रवेश आपण केला नसल्यास खालील बटण वापरून १२ तासांच्या आत ओळख निश्चित करावी, अन्यथा खाते तात्पुरते स्थगित करण्यात येईल. चौकशी सुरू असल्याने या काळात शाखेशी संपर्क साधू नये. त्यामुळे प्रक्रियेस विलंब होऊ शकतो.*

भाषेत चूक नाही. ‘११:४२’ हा नेमका आकडा मुद्दाम आहे, त्याने बातमी खरी वाटते. ‘प्रिय ग्राहक’ पुरेसा पुरावा नाही. पूर्वी ते लक्षण मानलं जायचं, आता फुटलेल्या याद्यांमधून तुमचं नाव, फोन नंबर, कधी जुना पासवर्डसुद्धा मिळतो आणि तो मेलमध्ये टाकला जातो. डोमेनला जोडलेलं ‘-सुरक्षा’ हे शेपूट खटकायला हवं. बारा तासांची मुदत म्हणजे घाई. पण सगळ्यात बोलकं आहे ते शेवटचं वाक्य. इतक्या सौम्य शब्दांत ते काय करतंय बघा: तुम्ही स्वतःहून शाखेत विचारायला जाल ही एकमेव गोष्ट त्याला बंद करायची आहे. खरी बँक असं कधीच लिहिणार नाही.

पायरी ४: अटॅचमेंट

न मागवलेली फाइल उघडायची नाही. पाठवणारा ओळखीचा असेल तर फोन करून विचारा, मेलला उत्तर देऊन नव्हे, कारण खातं दुसऱ्याच्या हातात असेल तर उत्तरही तोच देईल.

फाइलच्या नावाचा शेवट बघायची सवय लावा. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा वर्म (स्वतःच्या प्रती पाठवत पसरणारा घातक प्रोग्राम) प्रेमपत्राच्या नावाने आला होता. फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ आणि त्यापुढे ‘व्हीबीएस’ असे दोन शेवट होते. विंडोज ओळखीचे शेवट लपवतं, त्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली, प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्राम होता. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलचे शेवट दाखवण्याची सेटिंग आहे. ती आजच चालू करा.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर ‘एनेबल कंटेंट’ दाबा अशी सूचना फाइलच्याच आत लिहिलेली असेल तर फाइल बंद करा. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम, जे ‘एनेबल कंटेंट’ दाबल्यावर चालू होतात) मुळातच अडवायला सुरुवात केली, म्हणून आता पासवर्ड लावलेल्या झिप फाइली आणि एचटीएमएल (वेबपानाच्या) फाइली जास्त येतात. झिपचा पासवर्ड त्याच मेलमध्ये दिलेला असेल तर तो तुमच्या सुरक्षेसाठी नसतो, आतलं काही व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरला दिसू नये म्हणून असतो.

आणि स्पॅममध्ये गेलेला मेल कुतूहलापोटी बाहेर काढू नका. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीत झालेल्या घुसखोरीची सुरुवात तशीच झाली होती. नोकरभरतीच्या आराखड्याच्या नावाची एक्सेल फाइल जंक फोल्डरमध्ये पडली होती, एका कर्मचाऱ्याने ती तिथून काढून उघडली.

पायरी ५: आपल्या वाटेने जा

आता पुन्हा मूळ सवयीकडे. मेल म्हणतोय खात्यात गडबड आहे? मेल बंद करा. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा, किंवा आधी साठवलेला बुकमार्क किंवा फोनमधलं अ‍ॅप उघडा. खरंच काही सूचना असेल तर ती तिथे दिसेलच. फोन करायचा असेल तर नंबर कार्डाच्या मागचा, पासबुकातला किंवा जुन्या बिलावरचा. मेलमधला नाही. सर्च करून मिळालेला पहिला नंबरही नाही, कारण जाहिरातींच्या जागेत बनावट ‘कस्टमर केअर’ बसलेले असतात.

पैसे पाठवण्याच्या किंवा खाते क्रमांक बदलण्याच्या मेलला हा नियम कसलीही सवलत न देता लावा. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेकडे २०२३ या एका वर्षात व्यावसायिक मेलच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीत सुमारे २.९ अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. अशा बऱ्याच प्रकरणांत एक फोन पुरला असता. नव्या खात्याचा मेल आला की त्या माणसाला आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. समोरचा रागावला तरी चालेल. वरिष्ठांनी तर आपल्या लोकांना आधीच सांगून ठेवावं की माझ्या नावाने पैशांचा मेल आला तर मला बेलाशक फोन करा.

या बाबतीत कंपन्यांबद्दल माझी खरी तक्रार आहे. ग्राहकांना ‘लिंकवर क्लिक करू नका’ म्हणून बजावायचं आणि स्वतः मात्र भलत्याच डोमेनवरून, लांबलचक लिंका लावून, ‘त्वरित अपडेट करा’ असे मेल पाठवायचे, हे चालू आहे तोवर लोक गोंधळणारच. असा खरा मेल तुम्ही फसवा समजून सोडून दिलात तर तुमचं काही चुकलं नाही.

परवानगी मागणारी पानंही इथेच येतात. मे २०१७ मध्ये ‘तुमच्यासोबत डॉक्युमेंट शेअर केलं आहे’ असा मेल झपाट्याने पसरला. क्लिक केल्यावर येणारं लॉगिनचं पान खरोखर गूगलचंच होतं. खोटं होतं ते परवानगी मागणारं अ‍ॅप, ज्याने स्वतःला ‘गूगल डॉक्स’ असं नाव दिलं होतं. पासवर्ड न देताही लोकांनी आपला मेलबॉक्स त्याच्या हवाली केला. तेव्हा ‘अलाउ’ दाबण्याआधी ते अ‍ॅप नेमकं काय काय मागतंय ते वाचा.

पायरी ६: कधीतरी चूक होईल हे धरून तयारी करा

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरणारं अ‍ॅप, वापरा. लोक तो पासवर्ड लक्षात ठेवायला वापरतात, पण फिशिंगमध्ये त्याचा उपयोग वेगळाच आहे. तो डोमेन तंतोतंत जुळला तरच पासवर्ड भरतो. डोळ्यांना एकसारखी दिसणारी सिरिलिक अक्षरं त्याला वेगळीच दिसतात. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाही असं झालं, तर हाताने टाइप करू नका. आधी पत्ता तपासा. शिवाय प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवता येतो, म्हणजे एक गेला तरी बाकीचे वाचतात.

द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणारी सोय) चालू करा, सर्वांत आधी ईमेल खात्यावर, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलता येतात. एसएमएसचा कोड काहीच नसण्यापेक्षा बरा. पण बनावट पान तुमच्याकडून पासवर्ड आणि कोड दोन्ही घेऊन त्याच क्षणी खऱ्या वेबसाइटवर भरू शकतं. पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, तुमच्या उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली इथे वरचढ ठरते, कारण ती ठरलेल्या डोमेनलाच उत्तर देते. २०२२ मध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास एकाच सुमारास बनावट लॉगिन पानाच्या लिंका एसएमएसने आल्या. दोन्हीकडे काही जण फसले आणि पासवर्ड टाइप केला. ट्विलिओत घुसखोरी झाली. क्लाउडफ्लेअरमध्ये सगळ्यांकडे सुरक्षा-किल्ल्या होत्या, त्यामुळे चोरांना आत जाता आलं नाही.

मेलमधली चित्रं आपोआप उघडणं बंद करता येतं, तेही करा. अदृश्य चित्रावरून मेल उघडला गेल्याचं पाठवणाऱ्याला कळतं आणि पत्ता वापरात आहे याची त्याला खात्री पटते.

पायरी ७: चूक झालीच तर

लाजेने गप्प बसणं हे यातलं खरं नुकसान. ऑफिसचं खातं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत संगणक विभागाला सांगा. ज्या ठिकाणी असं सांगणाऱ्याला ओरडा बसतो, तिथे पुढचा माणूस सांगत नाही. हे साहेबलोकांनी ध्यानात घ्यावं.

नुसती लिंक उघडली, काही भरलं नाही, तर पान बंद करा, ब्राउझर आणि फोन अपडेट करा. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

पासवर्ड भरला असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून तो बदला आणि जिथे जिथे तोच पासवर्ड होता तिथेही बदला. मग ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, कारण पासवर्ड बदलला तरी आधीपासून आत असलेला माणूस कधीकधी आतच राहतो. त्यानंतर मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम तपासा. ही पायरी लोक हमखास विसरतात. घुसलेला माणूस ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल स्वतःकडे पाठवायचा आणि तुमच्यापासून लपवायचा नियम लावून जातो, आणि तुम्ही पासवर्ड बदलल्यावरही त्याला सगळं कळत राहतं. जोडलेली अ‍ॅप्स, रिकव्हरीचा फोन नंबर आणि पर्यायी ईमेलही बघून घ्या.

कार्डाची किंवा बँकेची माहिती दिली असेल, पैसे गेले असतील, तर आधी बँकेला फोन. इथे मिनिटं मोजायची असतात, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. मग सायबर पोलिसांकडे तक्रार. फाइल उघडली असेल तर वायफाय बंद करून संगणक जाळ्यापासून तोडा आणि जाणकाराला दाखवा. दुरून ताबा घेणारं अ‍ॅप उतरवलं असेल तरीही तेच करा, आणि त्या संगणकावरून बँकेचं काही उघडू नका.

यानंतर काही दिवसांत ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे मेल आणि फोन येतील. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्यांना उत्तर देऊ नका.

तक्रार कशी करायची

मेल नुसता डिलीट केला तर तो पुढच्या माणसाला जाणारच. जीमेल आणि आउटलुक दोन्हींत फिशिंग म्हणून कळवायचा पर्याय आहे. तो वापरला की फिल्टर शिकतात. ज्या संस्थेचं नाव वापरलं गेलं, तिच्या अधिकृत वेबसाइटवर बहुधा अशा तक्रारींसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो. तिथे पाठवताना साधा फॉरवर्ड करू नका. साध्या फॉरवर्डमध्ये मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला ही लपलेली माहिती गळून पडते, आणि तपास करणाऱ्याला हवी असते तीच. ‘फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट’ निवडा, म्हणजे मूळ मेल अख्खा जातो. पैसे गेले असतील किंवा ऑफिसचं प्रकरण असेल तर पोलिसांचं किंवा संगणक विभागाचं काम होईपर्यंत मूळ मेल तुमच्याकडेही जपून ठेवा. स्क्रीनशॉट काढले असले तरी तो पुसू नका.